पहिला शब्द कोणाजवळ?



छत्तीसगडी भाषेत 'मितानिन' असा एक गोड शब्द आहे. दोन स्त्रिया विधिपूर्वक मैत्री जोडतात आणि रक्ताच्या नात्याइतक्याच निष्ठेने ती जन्मभर पाळतात; अशा मैत्रिणीला मितानिन म्हणतात. 2002 साली छत्तीसगड राज्याने वस्त्यावस्त्यांतून आरोग्यसेविका नेमण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना हेच नाव दिले. दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव घ्या. शेजारच्या नंदिनीच्या खाणींतून भिलाईच्या पोलादाच्या कारखान्याला चुनखडक जातो. त्या कारखान्यामुळे मराठी, तेलुगू, ओडिया अशी कितीतरी कुटुंबे ह्या मुलखात येऊन वसली. अशा ठिकाणी घरे भिंतीला भिंत लागून असतात, आणि एका घरातली कुजबुज दुसऱ्या घरात पोहोचण्यास वेळ लागत नाही. ज्या स्त्रीला नको असताना दिवस गेले आहेत, तिने तेथे पहिला शब्द कोणाजवळ काढावा? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

प्रश्न नवा नाही. 1863 साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे स्नेही गोवंडे ह्यांच्याकडे काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. एका शास्त्रीबुवाने तिला फसविले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल झाले, आणि लोकलज्जेच्या भयाने तिने ते मारून घरामागील विहिरीत टाकले. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवाचे काय झाले, हे विचारण्याची समाजाला गरज वाटली नाही.

ह्या घटनेनंतर जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. 1884 साली सरकारला लिहिलेल्या निवेदनात जोतीरावांनी तिचा हिशेब दिला आहे. तोवर 35 विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली होती. गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली असावीत, आणि त्यांनीच उरलेल्या तिसांचा घात केला, असे जोतीरावांनी लिहिले आहे. हा आकडा मला फार बोलका वाटतो. ह्या स्त्रियांना दार उघडे मिळाले. परंतु त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीचे महिने त्यांनी एकटीने, भीतीने आणि वैदूच्या काढ्यांवर काढले होते. त्याच गृहात 1874 साली जन्मलेल्या एका मुलाला फुले दांपत्याने आपला म्हटले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये त्याने रोग्यांची सेवा केली.

मूल नको असेल तर मुळात गर्भच राहू नये, हा विचार मराठीत निर्भयपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले; एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. ज्या गोष्टींविषयी सभ्य घरांत बोलत नसत, त्यांविषयी साध्या मराठीत बोलणे एवढाच त्यांचा अपराध.

पुढे कायदाही बदलला. मुंबईच्या शांतिलाल शहांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1966 साली अहवाल दिला आणि 1971 साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याच्या मर्यादेत, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, आणि काही विशिष्ट परिस्थितींत दोघांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. 2021 च्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन अधिक कडक केले, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही ह्या बाबतीत वेगळे लेखता येणार नाही, असा निर्णय दिला. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हा मात्र वेगळा विषय आहे. गर्भलिंगचाचणीस 1994 च्या कायद्याने बंदी आहे. ह्या दोहोंची गल्लत होते, आणि गर्भपात म्हणजे गुन्हाच, असा समज घेऊन पुष्कळ स्त्रिया डॉक्टरऐवजी भोंदूकडे जातात.

समाजाच्या ह्या वृत्तीला दुसरीही बाजू आहे. बोलण्याची बंदी स्त्रीला. शस्त्रक्रियेचा भार मात्र तिच्यावरच. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत संततिनियमनाची शस्त्रक्रिया स्त्रीची झालेली जोडपी शंभरात सुमारे 38 होती. पुरुषाची झालेली शंभरात एकही नव्हती. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असताना ही स्थिती आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये ह्याच छत्तीसगडात, बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. जेथे स्त्रीला कोणी काही विचारीत नाही, तेथे ती केवळ संख्या होऊन बसते.

म्हणून मला मितानिनचे मोल वाटते. ती डॉक्टर नाही. परंतु ती त्याच वस्तीतली आहे आणि तिच्याशी त्याच बोलीत बोलता येते. दिवस चुकल्याची गोष्ट तिला आठ दिवसांत कळली, तर रुग्णालयाची वाट सोपी असते. चार महिन्यांनी कळली, तर तीच वाट अवघड होते. मात्र मितानिनने ऐकलेले पोटात ठेवले पाहिजे, आणि आपणही तिच्या येण्याजाण्यावरून तर्क लढवू नयेत.

आपल्या प्रत्येकाच्या घरी हा प्रश्न कधी तरी दाराशी येतो. सून, मुलगी, शेजारची पोर, किंवा घरकामास येणारी बाई काहीतरी सांगू पाहते आणि आपला चेहरा पाहून गप्प होते. त्या क्षणी "हे कसे झाले?" असे न विचारता "किती दिवस झाले?" असे विचारावे, आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. पुढे काय करायचे, ते तिला आणि डॉक्टरांना ठरवू द्यावे. पुण्याच्या त्या काशीबाईला असे विचारणारे कोणी भेटले असते, तर ती विहिरीकडे गेली नसती.