‘सुजाता’ बोलपट आणि ‘सारखी’ हा शब्द



बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ हा बोलपट १९५९ साली पडद्यावर आला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. नूतन यांच्या मौनापुढे त्यात इतरांचे संवाद फिके पडतात. पटकीच्या साथीत मातापिता गमावलेली एक अस्पृश्य बालिका ब्राह्मण इंजिनियराच्या घरी वाढते. गृहिणी चारू तिला जीव लावते. परंतु चारचौघांत तिची ओळख करून देताना ‘मुलगी’ न म्हणता ‘मुलीसारखी’ म्हणते.

परवा हा बोलपट पुन्हा पाहताना त्या ‘सारखी’पाशी माझे मन अडून राहिले. माझी आई एका सुशिक्षित कुटुंबात धुणीभांडी करीत असे. ‘तू आमच्या घरच्यासारखीच’, असे तिला तेथे वारंवार ऐकविले जाई. तिचा कानतुटका कप मात्र मोरीवरच्या फळीवर निराळा असे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास धम्मदीक्षा घेऊन ती परतली आणि एके दिवशी तो कप धुऊन तिने बाईंच्या कपांच्या रांगेत ठेविला. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात काम सुटले. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरी चूल एकदाच पेटे, हेही सांगितले पाहिजे.

बोलपटात चारू जखमी होते, तिला रक्ताची गरज पडते आणि सुजाताचेच रक्त जुळते. तेव्हा कुठे सुजाता तिची खरी लेक ठरते. सारे प्रेक्षागृह डोळे पुसत होते. आईने बाहेर पडताना एवढेच विचारले, ‘‘आणि रक्त जुळलं नसतं तर?’’

बिमल रॉय यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण मोठ्या झालेल्या सुजाताभोवती तिच्या समाजाचे एकही माणूस दिसत नाही. त्याच १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन माणसे जमिनीच्या हक्कासाठी सत्याग्रह करून तुरुंगात जात होती. पडद्यावरची सुजाता एकटीच राहते आणि दुसऱ्यांच्या अंतःकरणाला पाझर फुटण्याची वाट पाहते.

या बोलपटात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिके’चा प्रयोगही दाखविला आहे. आनंद पाणी मागतो. ती आपली जात सांगते. तो म्हणतो, मी जात नव्हे, पाणी मागितले. ही कथा मूळची बौद्ध वाङ्मयातील. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिला स्थान दिले आहे, ते वाचकहो, आपण काढून वाचावे. मूळ कथा पाण्याच्या ओंजळीपाशी थांबत नाही. चांडाळकन्या प्रकृती भिक्षुणी होऊन संघात प्रवेश करते. ‘दिव्यावदाना’त तर असे आहे की, ही वार्ता ऐकून श्रावस्तीतील ब्राह्मण आणि स्वतः राजा प्रसेनजित जाब विचारावयास भगवंतांकडे आले. भगवंतांनी त्यांना जातीच्या फोलपणाची दीर्घ कथा ऐकविली. प्रकृती संघातच राहिली.

जय भीम.