सामान्यांची मोटार

ब्रिटनमध्ये १९७३ ते १९८२ या काळात ऑस्टिन अ‍ॅलेग्रो ही घरगुती मोटार सहा लाखांवर निघाली. आज तिथल्या रस्त्यांवर ती शेकड्यांतच मोजावी लागते! हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठू नये म्हणून मीठ टाकतात. त्याने तळाचा पत्रा गंजतो. वार्षिक तपासणीत गाडी नापास होते, आणि डागडुजीचा खर्च तिच्या किमतीहून वाढतो. गंज जग्वारलाही लागतो; पण तिच्यासाठी खिसा मोकळा करणारा भेटतो. पोरांना शाळेत पोहोचविणारी, बाजारहाट करणारी गाडी जपावी असे आम्हां सामान्यांना वाटतच नाही. मॉरिस ऑक्सफर्डचे नशीब त्या मानाने थोर : तिची लेक अँबॅसिडर बंगालातल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत तयार होत राहिली.