गोष्टीचा उत्तरार्ध



पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे शेकावेत, दुसऱ्या दिवशी त्याला झूल घालून मिरवावे आणि पुरणपोळीचा घास प्रथम त्याच्या मुखी द्यावा, अशी आपली रीत आहे. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जीवाचे ऋण मानणारा इतका सौम्य सण क्वचितच आढळेल. परंतु त्याच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी माणसे माणसांवर दगड फेकतात. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव आणि मधोमध पात्रात रोवलेले, निशाण लावलेले पळसाचे झाड. ही गोटमार. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत.

हे थांबविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जमावबंदीचे हुकूम निघाले, पोलीस उभे राहिले. दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन झाले; पण ते बाजूला पडले आणि हात पुन्हा दगडांकडेच वळले. असे का व्हावे?

गोटमार ही रूढी आहे, विचारसरणी नव्हे; तेथे दगड उचलणाऱ्यास कोणी अतिरेकी म्हणू नये. दुसऱ्या दिवशी दोन्ही तीरांवरची माणसे एकाच बाजारात भेटतात. तथापि टोकाच्या विचाराकडे तरुण मन का ओढले जाते, याचे उत्तर या नदीकाठी उघड्यावर दिसते. त्या तरुणाला दगडाची आवड नसते. त्या दिवशी त्याला एक बाजू मिळते, खांद्याला खांदा लावणारे सोबती मिळतात, समोर स्पष्ट प्रतिपक्ष दिसतो आणि ‘तू शूर आहेस’ असे सारे गाव त्याला सांगते. एरवी त्याला असे कोण सांगते? धर्माच्या, जातीच्या वा क्रांतीच्या नावाने द्वेष पेरणारा मनुष्य नेमके हेच देऊ करतो. पूर्वी तो रात्रीच्या बैठकीत देई, आज हातातल्या मोबाईलवर देतो. त्याच्यापाशी गोष्ट असते. आपल्यापाशी केवळ उपदेश असतो. गोष्टीपुढे उपदेश हरतो, यात नवल ते काय?

मग गोष्टीला गोष्टीनेच उत्तर द्यावे लागेल. पण ती पोकळ असून चालणार नाही. 1951 साली तेलंगणात सशस्त्र उठावाची धग होती. जमीनदारांच्या जाचाने गांजलेल्या शेतमजुराला बंदूक हाच न्याय वाटू लागला होता. 18 एप्रिल रोजी विनोबा पोचमपल्ली गावी आले. तेथील 40 हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. ‘हिंसा वाईट’ एवढेच सांगून विनोबा पुढे गेले असते, तर त्या दिवसाची कोणी आठवणही ठेवली नसती. त्यांनी ती मागणी गावासमोर ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केले. भूदानाचा जन्म झाला. बंदूकवाला ज्या दुःखाकडे बोट दाखवीत होता, ते दुःख खरे आहे हे विनोबांनी प्रथम मान्य केले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे भूदानातील पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हेही विसरता कामा नये. दिलेला शब्द पुरा झाला नाही की मवाळ माणसाच्या गोष्टीवरील विश्वास उडतो, आणि त्या रिकाम्या जागी पुन्हा जहाल माणूस येऊन बसतो.

रागाचेही तसेच आहे. तो दाबून नाहीसा होत नाही. त्याला वाट द्यावी लागते. गोटमारीच्याच दिवशी, पांढुर्ण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. पिवळी मारबत 1885 पासून निघते असे सांगतात. रोगराई, महागाई, लाचलुचपत अशा साऱ्या इडापिडांची पुतळी आणि बडगे करून लोक त्यांच्या नावाने ओरडतात आणि अखेर ते जाळून टाकतात. राग तोच, दिवस तोच. पण एका ठिकाणी तो दोषावर पडतो, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या डोक्यावर.

आपल्या या भागापाशीही सांगण्याजोगी गोष्ट आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असे येथील लोक तेव्हापासून जगत आले आहेत. संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या बाजारात दोन्ही भाषा एकमेकींच्या हातात हात घालून हिंडतात. सीमेच्या नावाने माथी भडकविणे अवघड नसते. तरी येथील सामान्य माणसाने आपली भाषा सांभाळली आणि शेजाऱ्याचा द्वेष केला नाही. 2023 साली ही दोन्ही गावे नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आली. त्या जिल्ह्याच्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगितली आहे काय? मध्यममार्ग आपण जगतो, पण सांगत नाही. जहाल माणूस मात्र सांगत सुटतो.

आता पुन्हा नदीकाठी येऊ. लोक सांगतात ती कथा अशी. पांढुर्ण्याच्या एका तरुणाचे सावरगावच्या मुलीवर प्रेम जडले. तिला घेऊन तो नदी ओलांडू लागला, तेव्हा एका तीरावरून दगड आले, दुसऱ्या तीरावरून त्यांना उत्तर मिळाले आणि दोघेही पात्रातच मरण पावली. दगडांची परंपरा एवढ्यावर उभी आहे. परंतु कथा येथे संपत नाही. जुनी माणसे पुढे सांगतात की, ते दोन देह पाहून दोन्ही गावे शरमली. त्यांनी ते उचलून चंडीमातेपाशी नेले, तेथे पूजा केली आणि मग अंत्यसंस्कार केले. आजही झाडाचे निशाण अखेर देवीच्याच मंदिरात जाते. म्हणजे शहाणपण बाहेरून आणावयाचे नाही. ते याच कथेच्या उत्तरार्धात आहे. पूर्वार्धात दगड फेकणारे हात आहेत, उत्तरार्धात देह उचलणारे. आपण मुलांना पूर्वार्ध खेळावयास दिला आणि उत्तरार्ध विसरलो.

तो उत्तरार्ध शाळेत गुरुजींनी, देवळात कीर्तनकाराने आणि ओसरीवर आजीने सांगावा. दगड लागून ज्याचा डोळा गेला असेल, त्याने तर अवश्य सांगावा, कारण त्याचे कोणीही ऐकेल. आणि ज्या तरुणाच्या अंगी धाडस आहे, त्याला दोन्ही तीरांवरचे जखमी उचलण्याच्या कामी प्रथम बोलवावे. दगडांच्या वर्षावात शिरून दुसऱ्या बाजूच्या माणसाला खांद्यावर घेण्यास दगड मारण्याहून मोठे धैर्य लागते. त्या धैर्याला गावाने ‘शाबास’ म्हटले, म्हणजे जहाल गोष्टीचे अर्धे बळ सरले असे समजावे.