काठावरचा गळ

गळ या साध्या वस्तूला आपल्या भाषेने फारसा मान दिलेला नाही. कोणाला ‘गळाला लावले’ म्हणजे फसविले, आणि कोणी ‘गळ टाकून बसला’ म्हणजे त्याच्या मनात काही डाव आहे, असा आपला समज. परंतु दख्खनच्याच एका राजाला हा छंद ग्रंथात नोंदवून ठेवण्याइतका योग्य वाटला होता. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत कोशग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात आहे, म्हणून मराठीचे अभ्यासक या ग्रंथाकडे वळतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा आणि गळाने त्यांना धरण्याची रीत यांचे वर्णन राजाने त्यात केले आहे. मोठ्या हौसेची गोष्ट म्हणून तो हे सांगतो. त्यात कोठेही संकोच नाही.

आज मी बोलणार आहे ते तलावाच्या काठालगतच्या मासेमारीविषयी. होडी नाही, जाळे नाही. हाती एक काठी, दोर आणि आमिष. दख्खनमधील आपले बहुतेक तलाव मातीचा बांध घालून ओढ्याचे पाणी अडविल्याने झालेले आहेत. बांधाशी पाणी खोल, आणि ओढा जेथे मिळतो तेथे उथळ, गवताळ, चिखलाचे. नवखा माणूस बहुधा बांधावर उभा राहतो आणि अंगात असेल तेवढ्या जोराने गळ तलावाच्या मध्याकडे भिरकावतो. मोठा मासा मध्यावर, ही त्याची पक्की श्रद्धा. वस्तुतः माशाला जे हवे असते ते काठाशी असते. उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोचते, म्हणून तेथे शेवाळ व पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी, झिंगे राहतात. झाडावरची फळे आणि नाकतोडे पडतात तेही काठालाच. खोल पाणी माशाचे विश्रांतिस्थान आहे, त्याचे भोजनगृह काठाशी आहे.

मग काठाचा कोणता भाग निवडावा? पाणवनस्पतींची कड, पाण्यावर वाकलेल्या झाडाची सावली, बुडालेला जुना दगडी चौथरा, आत येणाऱ्या ओढ्याचे मुख, या जागा कोणालाही सुचतील. पण वाऱ्याचा विचार फार थोडे लोक करतात. काही तास एकाच दिशेने वारा वाहिला की पृष्ठभागाचे पाणी आणि त्यावर तरंगणारे सर्व खाद्य समोरच्या काठाला जाऊन साचते, आणि मासेही त्यामागे जातात. वारा पाठीवर घेऊन बसणे सुखाचे खरे. पण तोंडावर वारा घेऊन बसणाऱ्याची पिशवी अधिक भरते.

वेळेच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. पहाटे जितके लवकर जावे तितके चांगले, असे सर्रास सांगितले जाते. उन्हाळ्यात गवताळ तलावावर हे खरे ठरेलच असे नाही. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, परंतु रात्री त्याही तो वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या अगोदर पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत असले तर ते भुकेलेले आहेत असे समजू नये. ते श्वासासाठी धडपडत असतात. ऊन थोडे वर येऊ द्यावे. थंडीच्या दिवसांत तर दुपारचे उबदार पाणीच बरे.

काठावर जाताना पावले हलकी हवीत. माशाच्या दोन्ही कुशींवरून एक संवेदनशील रेषा गेलेली असते. दगडावर आपटलेल्या बुटाचा हादरा पाण्यात उतरला की तो तिला तत्काळ जाणवतो. आपसांतले हळू बोलणे मात्र फारसे बाधत नाही. दुसरी गोष्ट दृष्टीची. किरणांचे वक्रीभवन होत असल्यामुळे माशाला पाण्याबाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका वर्तुळाकार खिडकीतून दिसते, आणि क्षितिजालगतच्या वस्तू त्या वर्तुळाच्या कडेला दबलेल्या व अंधुक दिसतात. म्हणून उभे राहण्यापेक्षा बसावे, आणि पाण्यापासून हातभर मागे बसावे.

आता साहित्य. बाजारात आज काचतंतूच्या आणि कार्बनतंतूच्या सुबक काठ्या मिळतात, त्यांना चक्र असते, आणि त्यांची किंमतही तशीच असते. काठाजवळच्या कामाला दहा-बारा फुटांचा, शेंड्याकडे निमुळता, नीट वाळलेला बांबू पुरेसा आहे. पूर्वी आपल्या देशात मुगा रेशमाचा दोर नावाजलेला होता. आता सर्वत्र नायलॉनचा तंगूस आला आहे. तो पाण्यात दिसत नाही आणि कुजत नाही. या न कुजण्याविषयी पुढे बोलणार आहे. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोर तेथेच दुबळा होतो. मोठा मासा निसटला म्हणून हळहळणाऱ्या पुष्कळांचा मासा अशा कोरड्या गाठीवर गेलेला असतो.

तरंगण्यासाठी भेंडाचा तुकडा किंवा मोरपिसाचा देठ घ्यावा. विकतचे रंगीत तरंगते गोळे मुलांना आवडतात, परंतु ते इतके फुगीर असतात की मासा आमिष चाखून जातो तरी ते हलत नाहीत. तरंगत्या देठाखाली शिशाच्या बारीक गोळ्या अशा बेताने लावाव्यात की देठाचे केवळ टोक पाण्यावर राहील. आमिष लावण्यापूर्वी गळाला वजन बांधून पाण्याची खोली मापून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते सहसा टाळले जाते. पण खोली ठाऊक नसेल तर पुढचे सारे अंदाजपंचे होते.

कारण प्रत्येक मासा आपापल्या मजल्यावर राहतो. कटल्याचे तोंड वर वळलेले. तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरातला, झालरीसारख्या ओठांचा. मृगळ तळाचा गाळ हुंगणारा. म्हणून कटल्यासाठी आमिष वर, रोहूसाठी तळापासून वीतभर उंच, आणि मृगळासाठी तळावर टेकलेले असावे. भुईमुगाची पेंड, भाजलेल्या डाळीचे पीठ आणि कणीक एकत्र मळून केलेला गोळा तिघांनाही चालतो. तोच चारा मूठमूठ करून अर्धा तास आधी जागेवर टाकावा. पोटभर घालू नये. पाहुण्याला फराळ द्यावा, पंगत वाढू नये. तरंगता देठ थरथरला की झटका देण्याची घाई नको. तो तिरका सरकू लागला, किंवा शिसे गळाजवळ असता एकाएकी वर उचलला जाऊन आडवा पडला, की मनगटाने हलका झटका द्यावा.

हे तिन्ही मासे बांधलेल्या तलावाच्या स्थिर पाण्यात बहुधा वीण घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून तलावांत बीज सोडणे सुलभ झाले. १९५२ मध्ये परदेशातून आलेला तिलापिया, ज्याला आपल्याकडे चिलापी म्हणतात, त्याची मात्र काळजी कोणी करावयास नको. तो काठाशीच खड्डे करून भराभर वाढतो आणि देशी माशांचा वाटा खातो. गांडुळाचा लहानसा तुकडा लावून मुलांनी तो खुशाल धरावा.

राहिली मरळ. तेलंगणाने २०१६ साली तिला राज्यमत्स्याचा मान दिला. मृग नक्षत्र लागताना हैदराबादेत हजारो दमेकरी जे जिवंत पिल्लू औषधासह गिळण्यासाठी जमतात, तेही हिचेच. त्या औषधाच्या गुणावगुणांचा निवाडा वैद्यांनी करावा. मरळ हवेतील प्राणवायू घेते, म्हणून घाण आणि आटलेल्या पाण्यातही जगते. ती गवतात दबा धरून बसते आणि बेडकावर तुटून पडते. पूर्वी जिवंत बेडूक गळाला टोचीत. आता रबरी बेडूक गवतावरून ओढला तरी ती चवताळून येते.

परंतु पावसाळ्यात ती येते ती नेहमीच भुकेने नव्हे. गवतात थोडी जागा मोकळी करून मरळ अंडी घालते, आणि जनक मासे, विशेषतः नर, अंड्यांची व पुढे पिल्लांची राखण करतात. तांबूस पिल्लांचा परातीएवढा थवा श्वासासाठी वर येतो, तेव्हा पाणी तेथे उकळल्यासारखे दिसते. जाणता गळवाला तो बुडबुडणारा डाग ओळखतो, नेमका त्यावर रबरी बेडूक टाकतो, आणि खालचा राखणदार पिल्लांना वाचविण्यासाठी झेप घेतो. याहून खात्रीचा मासा दुसरा नाही. पुढे काय होते हे काठावर थांबून पाहणारे थोडे. राखणदार गेला की काही वेळातच चिलापी आणि इतर मासे त्या थव्यात शिरतात, आणि एका माशाच्या बदल्यात शेकडो पिल्ले संपतात. तलावावरील मच्छीमार वर्षभर त्याच मरळीच्या भरवशावर असतो. बाजारात सर्वाधिक मोल तिलाच मिळते. हौशी माणसाला ती न धरल्याने फक्त एका संध्याकाळची मौज मुकते. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने मनाई आहे. थव्यावर बेडूक टाकण्याचा निर्णय मात्र बहुधा आपल्यावरच सोपविलेला असतो. मी स्वतः श्रावणात मरळीचा गळ घरी ठेवतो.

तंगुसाचे सांगावयाचे राहिले. गवतात अडकला की तो तोडून लोक निघून जातात. त्यात पाय गुंतून बगळे व पाणकोंबड्या उपाशी मरतात. सुटेल तेवढा दोर ओढून घ्यावा, त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि ते खिशात टाकून घरच्या केराच्या पेटीत न्यावेत. जाण्यापूर्वी तलाव कोणाच्या ताब्यात आहे याची चौकशी करून परवाना घ्यावा. आणि घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर उभे राहून मोठा मासा ओढू नये. लांब दांड्याची हातझोळी जवळ ठेवावी, ती आधी पाण्यात बुडवून मग मासा तिच्यावर आणावा.