रंगीत कीबोर्डवर मराठी
(आकाशवाणीवरील भाषण)



बोरीवलीत माझ्याकडे टायपिंग शिकायला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी आता गेमिंगचा मेकॅनिकल कीबोर्ड असतो. कुणी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, कुणी घरबसल्या मागवलेला. प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच, वेगळा दिवा, आणि कुठल्या कळीने काय करायचं ते ठरवायची मुभा. केवढी सोय ही! आणि मुलं तिचं काय करतात? इंद्रधनुष्याची लाट डावीकडून उजवीकडे पळत ठेवतात. शॉर्टकट सगळे खेळातले. खेळा, जरूर खेळा. पण मराठीत दोन ओळी लिहायची वेळ आली की हीच मुलं रोमन अक्षरांत टाइप करून ते देवनागरीत बदलून घेतात. तिथे ‘बाळ’ लिहायला एल दाबावा लागतो आणि ‘बाल’ उमटतं. ळ शोधायला खालच्या यादीत बोट फिरवत बसायचं. हे मला पाहवत नाही.

म्हणून आज एकच सांगायला आलो आहे. दिवे आणि शॉर्टकट मराठीसाठी लावा.

अडचण मला माहीत आहे. ‘कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेलीच नाहीत, सर.’ अहो, आपल्या स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यावर काय छापलेलं असतं? सात वाट्या, एकीवरही नाव नाही. तरी फोडणी तडतडत असताना आईचा हात हळदीवर जायचा तो हळदीवरच जातो. वाटीची जागा ठरलेली, हाताला ती पाठ. कीबोर्डचंही नेमकं असंच असतं. तुम्ही कळ दाबता तेव्हा कीबोर्ड संगणकाला अक्षर कळवतच नाही, फक्त कितवी वाटी उघडली ते कळवतो. त्या वाटीत इंग्रजी के आहे की मराठी क, हे संगणकात निवडलेली भाषा ठरवते. पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळे चुकतात: कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, जागा पाठवतो. त्यामुळे मराठीसाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यायची काही गरज नाही.

जागा कुणी ठरवल्या? भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली. त्या मांडणीचं नाव इनस्क्रिप्ट. १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ती मिळते, पैसे पडत नाहीत. आणि आमच्या बोरीवलीला तर तिचा दुहेरी उपयोग. शेजारच्या गुजराती घरातही क त्याच कळीवर असतो, ळही त्याच कळीवर. भारतीय लिप्यांना मांडणी एकच आहे.

आता दिव्यांकडे येऊ. लाट बंद करा. वरच्या आणि मधल्या ओळीत डाव्या हाताखाली काना, मात्रा, वेलांट्या, उकार आहेत. त्यांना एक रंग द्या, समजा निळा. उजव्या हाताखाली व्यंजनं, त्यांना पिवळा. खालच्या ओळीत म, न, व डावीकडे सरकले आहेत, त्यांनाही पिवळाच. शिफ्ट धरलं की उजवीकडे क चा ख होतो, ग चा घ, त चा थ. डावीकडे काना दाबला की आ येतो. रंग दोन, नियम दोन. ‘बोरीवली’ लिहून पाहा. वाय, ए, जे, आर, बी, एन, आर. सात कळा. पिवळा, निळा, पिवळा, निळा, मग दोन पिवळे आणि शेवटी निळा. बोटं आपोआप दोन्ही हातांत वाटली जातात.

आणि एक कळ लाल करा. इंग्रजी डी ची. ती पाय मोडायची कळ. जोडाक्षर म्हणजे पहिलं अक्षर, डी, दुसरं अक्षर. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ साली पहिलं भारतीय टंकयंत्र बनवलं. त्या काळच्या मराठी यंत्रांवर अर्ध्या अक्षरांना वेगळ्या जागा द्याव्या लागत, कारण यंत्र आकार छापायचं. इनस्क्रिप्टमध्ये एक लाल कळ सगळ्यांचे पाय मोडते. मिसळणाच्या डब्यात ती मोहरीची वाटी समजा, जवळजवळ प्रत्येक फोडणीला लागणारी.

शॉर्टकट मात्र मराठीच्या गरजेचे निवडा. ‘वऱ्हाड’, ‘बऱ्याच’, ‘कैऱ्या’ यांतला ऱ् शिफ्ट-जे आणि मग डी असा येतो. ही जोडी एका मोकळ्या कळीवर बसवा. मॅक्रोमध्ये अक्षर नाही, कळांची जागाच नोंदवायची. वाटीचं सांगितलं ते इथे पुन्हा लागू. रुपयाचं चिन्हही ठेवा एका कळीवर. ते २०१० साली स्वीकारलं गेलं आणि घडवलं आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी. विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत ते कंट्रोल, ऑल्ट आणि चार दाबून मिळतं, पण एवढं लक्षात कोण ठेवतो?

एक सावधगिरी. गेम मोड चालू असला की बहुतेक कीबोर्ड विंडोजची कळ बंद ठेवतात. मग विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलायला जाल तर काहीच होणार नाही, आणि मुलं म्हणतील मराठीच बिघडली. आधी गेम मोड काढा. दुसरं म्हणजे रंगांची मांडणी कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठवा, म्हणजे मामाच्या संगणकाला जोडला तरी निळा-पिवळा तोच राहील. सगळ्याच कीबोर्डमध्ये ही सोय नसते, घेतानाच विचारा. 

मुलांनो, सगळं आज करू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी लाट बंद करून डी ची कळ लाल करा आणि तिच्या आधाराने स्वतःचं नाव, आजीचं नाव आणि आपल्या गल्लीचं नाव लिहा. पालकांनीही शेजारी बसावं.