कॅमेरा बॅटरीचा की वायरचा? आधी शिडी कोण चढणार ते ठरवा

(या भागातल्या बोलण्याचं लेखी रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे.)

या वेळी सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न घेतोय. "गावी आई-बाबा दोघंच असतात. घराबाहेर कॅमेरा लावायचाय. बॅटरीवाला घेऊ की वायरवाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी दोनदा चुकलोय, आणि एका चुकीचा भुर्दंड माझ्या बाबांनी भरलाय. त्यामुळे आज स्पेसिफिकेशन कमी आणि आमच्या घराची गोष्ट जास्त.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. घरामागे पोफळीची वाडी, आणि घरापासून पन्नासेक फुटांवर गेट. मी पुण्यात नोकरीला. एका हिवाळ्यात अंगणात वाळत घातलेली सुपारी रात्रीतून कमी झाली. आई फोनवर म्हणाली, "जाऊ दे रे, चार किलोचा तर प्रश्न." पण रात्री कोणीतरी अंगणात येऊन गेलं आणि आत हे दोघं झोपलेले होते, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या शनिवारी बॅटरीचा कॅमेरा घेऊन गेलो. गेटच्या खांबावर नऊ फुटांवर दोन स्क्रू मारले आणि अर्ध्या तासात काम संपलं. भिंत फोडायला नको, वायरमनची वाट बघायला नको. खोक्यावर लिहिलं होतं, एका चार्जिंगमध्ये सहा महिने.

आमची बॅटरी पाच आठवड्यांत संपली.

का संपली, याचा हिशोब मी नंतर मांडला. तो आधी मांडायला हवा होता. बॅटरी १०,००० एमएएचची, ३.७ व्होल्टची. म्हणजे ३७ वॅट-अवर. साधा वायरचा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लावून पाचेक वॅट खातो. तो या बॅटरीवर सलग चालवला तर सात तासांत बॅटरी खलास. मग सहा महिने कसे? सहा महिने म्हणजे ४,३२० तास. ३७ ला त्याने भागा. सरासरी खर्च एका वॅटच्या शंभराव्या भागाहून कमी ठेवावा लागतो. हे जमतं एकाच प्रकारे: कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. फक्त पीआयआर नावाचा छोटा सेन्सर जागा असतो. समोरून माणसाच्या अंगाची उष्णता सरकली की तो कॅमेऱ्याला उठवतो.

या उठवण्यात दोन भानगडी आहेत. एक, उठायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात भरभर चालणारा माणूस चौकटीतून पुढे गेलेला असतो. कॅमेरा लावल्यावर एका पहाटे गेटपाशी ठेवलेलं नारळाचं पोतं गेलं. क्लिप मिळाली. पाठमोरा माणूस, खांद्यावर पोतं, आठ सेकंद. चेहरा नाही. दुसरं, पीआयआरला आजूबाजूची हवा आणि अंग यांच्या तापमानातला फरक लागतो. मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापली की तो फरक उरत नाही, आणि सेन्सर लांबचा माणूस सोडून देतो.

पण बॅटरी खाल्ली ती मांजरांनी नाही. मी खाल्ली. दिवसातून दहा-बारा वेळा ॲप उघडून लाइव्ह बघायचो. मीटिंगमध्ये, जेवताना, रात्री झोपायच्या आधी. दोन-दोन मिनिटं धरली तरी दिवसाला २४ मिनिटं. लाइव्ह चालू असताना दोन वॅट धरले तर दिवसाला ०.८ वॅट-अवर. म्हणजे बाकी काहीही न करता, नुसत्या माझ्या बघण्याने बॅटरी ४६ दिवसांत संपणार. त्यात गेटपाशी वायफाय अशक्त. सिग्नल कमकुवत असला की तोच व्हिडिओ पाठवायला कॅमेऱ्याला जास्त वेळ रेडिओ चालू ठेवावा लागतो. मला जितकी काळजी, तितका कॅमेरा लवकर आंधळा, असा सगळा प्रकार.

दुसऱ्यांदा बॅटरी उतरली तेव्हा मी ऑफिसच्या कामात होतो. म्हटलं, शनिवारी येतो आणि करतो. बाबा थांबले नाहीत. वय ६४, शिडी लावली, कॅमेरा काढला आणि उतरताना घसरले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यात मला म्हणाले, "अरे, लाल दिवा दिसत होता. तुला पुण्यातून काही दिसणार नाही, म्हणून काढायला गेलो."

म्हणजे ज्यांच्या सुरक्षेसाठी कॅमेरा लावला, त्यांनाच मी दर महिना-सव्वा महिन्याला नऊ फुटांवर चढायला लावत होतो. हा खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो.

सोलर पॅनलचं काय, असं तुम्ही विचाराल. तेही जोडलं. एप्रिल-मेमध्ये बरं चाललं. पण आमच्याकडे माडा-पोफळींची सावली, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. उघड्या माळावर, देशावरच्या शेतात सोलर चांगला चालेल. वाडीत नाही.

मग म्हटलं, वायरच टाकू. इथे दुसरी चूक. ५ व्होल्टचा यूएसबीवाला कॅमेरा घेतला आणि बारीक वायर पंधरा मीटर वाढवली. दिवसभर मस्त चालला. अंधार पडला की बंद, चालू, बंद, चालू. कारण सोपं आहे. बारीक तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन तीस मीटरला अडीचेक ओहम रोध येतो. दिवसा करंट कमी, तेव्हा एखादा व्होल्ट वाटेत पडतो आणि निभावतं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की करंट वाढतो, दोन व्होल्ट वाटेतच जातात, आणि ५ पैकी ३ घेऊन कॅमेरा उभा राहू शकत नाही. म्हणजे नेमका रात्रीच बंद! तुमचा वायरचा कॅमेरा फक्त रात्री रीस्टार्ट होत असेल तर कॅमेऱ्याला शिव्या घालायच्या आधी वायर बघा.

शेवटी जे टिकलं ते पीओई. एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि व्हिडिओ दोन्ही. याचं ८०२.३एएफ हे मानक २००३ सालचं आहे, म्हणजे मुरलेलं तंत्र आहे. वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे पाच वॅटच्या कॅमेऱ्याला करंट जेमतेम ०.१ अँपिअर लागतो आणि वाटेत फारसं काही पडत नाही. केबल १०० मीटरपर्यंत चालते. गेटपाशी वायफायची गरजच उरत नाही. कॅमेरा सलग जागा, रेकॉर्डिंग घरातल्या डिस्कवर. कोणी कॅमेरा उपटून नेला तरी त्याचा चेहरा घरातच राहतो.

केबल घेताना तीन गोष्टी. शुद्ध तांब्याची घ्या, वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असलेली नको. उन्हापावसात टिकणारी घ्या आणि पाइपातून न्या. आणि कॅमेऱ्यात किंवा भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथूनच गळून पडेल. आमच्या वायरमन काकांनी हे न सांगता केलं होतं. विजा कडाडणाऱ्या भागात सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच. बाहेर टाकलेली लांब केबल ही विजेला घरात यायची वाटसुद्धा असते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "लाईट गेली की वायरचा कॅमेरा बंद, बॅटरीचा चालू." अर्धंच खरं. माझा बॅटरीचा कॅमेरा ९० टक्के चार्ज असतानासुद्धा लाईट गेली की ॲपमध्ये 'ऑफलाइन' दिसायचा. कारण राउटर लाईटवर! कॅमेरा जागा आहे, चोर बघतोय, पण निरोप द्यायला रस्ताच नाही. मेमरी कार्ड असेल तर क्लिप तिथे पडून राहते, एवढंच. त्यामुळे वीज फक्त कॅमेऱ्याची मोजू नका. कॅमेरा, इंजेक्टर किंवा स्विच, रेकॉर्डर, राउटर, फायबरचा डबा, सगळी साखळी मोजा. तिच्यातली सगळ्यात कमजोर कडी जेवढी चालेल, तेवढीच तुमची सुरक्षा.

आमच्याकडे ही साखळी आता इन्व्हर्टरवर आहे. १५० एएचची, १२ व्होल्टची बॅटरी, आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही पंखे बंद ठेवले तर एक रात्र सहज निघते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या भागात कित्येक दिवस लाईट नव्हती. तसं काही झालं तर कुठलाच कॅमेरा कामाचा नाही. तिथे शेजारीच लागतात. हे मान्य करूनच पुढे जायचं.

मग बॅटरीचा कॅमेरा कोणी घ्यावा? भाड्याच्या घरात राहता, भिंत फोडता येत नाही, दरवाजासमोर कोण आलं एवढंच बघायचंय, आणि चार्ज करायला तुम्ही स्वतः तिथे आहात, तर जरूर घ्या. हात पुरेल अशा उंचीवर लावता आला तर उत्तमच. पण गावी म्हाताऱ्या माणसांच्या घरी, उंचावर, पावसापाण्यात लावायचा असेल तर एकदाच वायर टाका. आमचा केबल, पाइप आणि मजुरीचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त झाला. तरी तो एकदाच झाला.

घेण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हा बंद पडला तर त्याच्यापर्यंत कोण पोचणार, आणि कशावर चढून?

बाबांचं मनगट आता ठीक आहे. थंडीत दुखतं. कॅमेरा चालू आहे. मी दिवसातून एकदाच बघतो, आणि बाकीच्या वेळी वाटलं तर सरळ फोन करतो. आई म्हणते, "हे बरं झालं. आधी तू नुसताच बघायचास, बोलायचा नाहीस."

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या गेटपासून घरापर्यंतचं अंतर आणि तुमच्याकडे लाईट किती जाते, हे लिहून प्रश्न पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काहींचा हिशोब मांडू. भेटू.