उगवतीचा बांध



आपण जी भाषा बोलतो तिचा आपल्या विचारांवर काही परिणाम होतो का, हा आजचा विषय. तो मी शेतातूनच सुरू करतो. भोकरदन-जाफराबादकडच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, "बाबा, विहीर कुठंय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "उगवतीच्या बांधाला." जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, त्याही दिशांनीच. डावं-उजवं आपल्या अंगाबरोबर फिरतं. उगवत जागची हलत नाही. म्हणून भावाभावांत बांध कोरण्यावरून भांडण होतं, पण कुठला बांध यावरून होत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागात गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे. तिचे भाषक टेबलावरचा पेलासुद्धा दिशेनेच सांगतात. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांनी एक साधा प्रयोग केला. टेबलावर काही वस्तू ओळीने मांडायच्या, माणसाला पाठ फिरवून दुसऱ्या टेबलापाशी न्यायचं आणि तीच मांडणी करायला सांगायचं. डच माणसांनी डावी-उजवी बाजू सांभाळली, गुगु यिमिथिर भाषकांनी दिशा सांभाळली. तोंडाने एक शब्दही बोलायचा नव्हता, हे ध्यानात घ्या. आपल्या देशातले संशोधक रमेश मिश्र यांनी पिअर दासेन यांच्यासह वाराणसी परिसरात आणि नेपाळात मुलांवर असाच अभ्यास केला, आणि दिशेने विचार करणारी मुलं त्यांना तिथंही भेटली.

एवढ्यावरून भाषा ही विचाराची बेडी आहे असं कोणी म्हणू लागलं, तर मी त्याच्याशी भांडेन. पुरावा आपल्या घरात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण जालन्याकडची माणसं निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूत, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत. त्या पिढीतली माणसं हिशेब आणि कायदा उर्दूतून शिकली आणि घरी येऊन मृगाच्या पेरणीचा विचार मराठीतून करत राहिली. दोन भाषांनी त्यांची बुद्धी कुठं अडली? भाषा विचाराला कुलूप लावत नाही. बोलताना दरवेळी कशाकडे लक्ष द्यायचं, एवढी सवय मात्र ती लावते. आणि जन्मभर लागलेली सवय ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

म्हणून मूल इंग्रजी शाळेत गेलं याची मला धास्ती नाही. ते आजोबांबरोबर मोसंबीच्या बागेत जातं का, बागेला ताण कधी द्यायचा आणि मृग बहार का धरायचा हे त्यांच्या तोंडून ऐकतं का, याची काळजी आहे.

इथं बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. लेव्हिन्सन यांच्या प्रयोगाला दोन टेबलं आणि चार वस्तू पुरतात. घनसावंगीच्या वाडीवरल्या शाळेत तो करा, जालना शहरातल्या शाळेतही करा, आणि मुलांनी काय मांडलं ते वहीत नीट लिहून ठेवा.